नावानिशी ओळख: अफगाण आणि अमेरिकी महिला न्यायाधीशांच्या भागीदारीचं प्रकरण

17 जानेवारी 2021. वार रविवार, पण काबूलमध्ये रविवारी कचेऱ्या चालू असतात. सर्वोच्च न्यायालयात काम करणाऱ्या दोन न्यायाधीश, कादरिया यासिनी आणि झाकिया हेरावी, सकाळी न्यायालयाच्या गाडीतून कामावर निघाल्या होत्या. वाटेत बंदूकधाऱ्यांनी गाडी गाठली. दोघी मारल्या गेल्या, चालक जखमी झाला. आमचा यात हात नाही, असं तालिबानच्या प्रवक्त्याने सांगितलं.

त्या वेळी अफगाणिस्तानात अडीचशेच्या आसपास महिला न्यायाधीश होत्या. त्या रात्री त्यांच्या घरांत काय बोलणं झालं असेल, ते सांगायला नको. उद्या जाऊ नकोस, पोरांकडे बघ.

ही बातमी अमेरिकेतल्या काही न्यायाधीशांनी घरातलं माणूस गेल्यासारखी ऐकली, कारण काबूलच्या न्यायालयांतल्या बायका त्यांच्या परिचयाच्या होत्या. हा परिचय कसा झाला, तो टिकला कशामुळे, सात महिन्यांनी काबूल तालिबानच्या हाती पडलं तेव्हा त्याचा उपयोग किती झाला आणि तो कुठे तोकडा पडला, हे मला इथे तपासायचं आहे. अफगाण आणि अमेरिकी स्त्रियांच्या भागीदारीवर वीस वर्षं भरपूर बोललं गेलं, निधीही भरपूर आला. मी त्यातलं न्यायाधीशांचं प्रकरण निवडलं, कारण संकटाची वेळ आली तेव्हा या नात्याने प्रत्यक्ष काम केलं.

एका छायाचित्राची किंमत

अफगाण स्त्रियांचा प्रश्न वॉशिंग्टनमध्ये अचानक पुढे आला तो 2001 च्या अखेरीस. 17 नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षांचं साप्ताहिक रेडिओ भाषण लॉरा बुश यांनी केलं. अध्यक्षांच्या पत्नीने ते पूर्ण भाषण स्वतः करण्याची ही पहिलीच वेळ, आणि विषय होता तालिबानच्या राज्यातल्या स्त्रियांचे हाल. पुढे 28 जानेवारी 2002 ला, अफगाणिस्तानच्या हंगामी सरकारचे प्रमुख हमीद करझाई वॉशिंग्टनच्या भेटीवर असताना, ‘यूएस-अफगाण विमेन्स काउन्सिल’ जाहीर झाली. दोन्ही देशांतल्या मंत्री, अधिकारी, उद्योजक आणि शिक्षणक्षेत्रातल्या स्त्रियांना एकत्र आणायचं, सरकारी पैशाला खासगी मदतीची जोड द्यायची, अशी कल्पना होती.

त्याच वर्षी अफगाण सरकारी नोकरीतल्या स्त्रियांचा एक गट प्रशिक्षणासाठी अमेरिकेला गेला. त्यात मार्झिया बसेल नावाच्या एक न्यायाधीश होत्या. गटाची अध्यक्ष बुश यांच्याशी भेट झाली आणि छायाचित्रं काढली गेली. बसेल यांच्या डोक्यावर त्यात ओढणी नव्हती. ते छायाचित्र काबूलला पोचलं आणि फझल हादी शिनवारी प्रमुख असलेल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना न्यायाधीशपदावरून काढून टाकलं.

हे घडलं तेव्हा तालिबान सत्तेवर नव्हते. अमेरिकेच्या पाठिंब्यावर उभ्या राहिलेल्या सरकारच्या न्यायालयाने हे केलं. भेट ठरवणाऱ्यांना त्या छायाचित्राने काहीच तोशीस पडली नाही. त्यांच्या दृष्टीने तो कार्यक्रम चांगलाच पार पडला होता. ज्या बाईंनी आमंत्रण स्वीकारलं त्यांची मात्र नोकरी गेली. या सगळ्या प्रकरणाचं बीज मला या प्रसंगात दिसतं. दोन देशांतल्या बायका एका टेबलाशी बसतात तेव्हा टेबल सारखं असतं, पण उठून घरी जाण्याचे रस्ते सारखे नसतात.

बसेल मात्र खचल्या नाहीत. अफगाण महिला न्यायाधीशांची संघटना उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. या कामाची सुरुवात कोणी केली हे विचारलं की अनेक लेखांत अमेरिकी संस्थांची नावं येतात, म्हणून हे आवर्जून सांगते. अफगाणिस्तानात स्त्रिया न्यायासनावर बसायला 2001 नंतर लागल्या, असंही नाही. त्या आधीपासून होत्या. 1996 मध्ये तालिबानने काबूल घेतल्यावर त्यांना घरी बसवलं, आणि पाच वर्षांनी त्यातल्या काही जणी परत कामावर आल्या. त्यांना न्याय म्हणजे काय हे शिकवण्याची कुणाला गरज नव्हती. त्यांना पाच वर्षांचं तुटलेलं काम पुन्हा जोडायचं होतं.

समव्यवसायी

अमेरिकेतल्या महिला न्यायाधीशांची राष्ट्रीय संघटना 1979 मध्ये जोन डेम्प्सी क्लाइन आणि व्हेनो स्पेन्सर या कॅलिफोर्नियातल्या दोन न्यायाधीशांनी स्थापन केली. तोवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एकही स्त्री बसली नव्हती. सँड्रा डे ओ’कॉनर तिथे पोचल्या 1981 मध्ये, आणि त्यांना तरुणपणी उत्तम पदवी असूनही वकिलाची नोकरी मिळत नव्हती, सेक्रेटरीची देऊ केली होती. याच संघटनेच्या वर्तुळातून 1991 मध्ये आंतरराष्ट्रीय महिला न्यायाधीश संघटना निघाली. तिचं कार्यालय वॉशिंग्टनमध्ये आहे, आणि अफगाण न्यायाधीश तिच्यात सभासद म्हणून आल्या.

‘लाभार्थी’ आणि ‘सभासद’ या दोन शब्दांत मोठं अंतर आहे. लाभार्थ्याची नोंद आकड्यात होते: इतक्या महिलांना प्रशिक्षण दिलं. सभासदाचं नाव, पत्ता, फोन दप्तरी असतो. ती मत देते, अधिवेशनाला येते, तक्रार करते.

या संघटनेने 2000 च्या दशकात अफगाण न्यायाधीशांसाठी प्रशिक्षणाचे कार्यक्रम केले, त्यातून काही जणी अमेरिकेला आल्या. वॉशिंग्टनसोबत त्यांना व्हरमाँटमधली न्यायालयंही दाखवली गेली. त्या राज्यात दंडाधिकारी राहिलेल्या पॅट्रिशिया व्हेलन या कामात सुरुवातीपासून होत्या. पुढे त्यांनी बोस्नियातल्या युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयातही काम केलं. व्हरमाँट म्हणजे डोंगराळ, लहान गावांचं राज्य. तालुक्याच्या न्यायालयात असतं तसं तिथेही पक्षकार आणि न्यायाधीश एकमेकांना बाजारात भेटतात. बायकोला मारणारा माणूस न्यायाधीशाच्या ओळखीचा निघतो. घटस्फोटानंतर मूल कोणाकडे राहील, नवऱ्याला घराजवळ यायला मनाई करणारा हुकूम कसा लिहायचा, घाबरलेल्या साक्षीदाराकडून माहिती कशी काढायची, हे प्रश्न काबूलच्या कौटुंबिक न्यायालयातही तेच आणि व्हरमाँटमध्येही तेच. कायदा वेगळा, एकीकडे शरियतचा आधार तर दुसरीकडे इंग्रजी परंपरेचा, पण समोर उभी असलेली बाई तीच.

या कामात नेत्रदीपक असं काही नव्हतं. फीत कापायला इमारत नव्हती. म्हणूनच कदाचित त्याची बातमी फारशी झाली नाही.

याच काळात दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं, तेही पाहू. अमेरिकेच्या विकास संस्थेने, म्हणजे यूएसएडने, 2014 मध्ये ‘प्रमोट’ नावाचा कार्यक्रम जाहीर केला. अफगाण स्त्रियांसाठी जगातला सर्वांत मोठा, असं त्याचं वर्णन झालं. पाच वर्षं, 75,000 महिला, अमेरिकेचे 21 कोटी 60 लाख डॉलर. तो जाहीर झाला तेव्हाच अफगाण राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी रुला घनी यांनी कंत्राटं आणि पोटकंत्राटं यांचा जुना खेळ पुन्हा सुरू होऊ नये, अशी भीती उघडपणे बोलून दाखवली होती. सप्टेंबर 2018 मध्ये अफगाणिस्तानातल्या खर्चावर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्याच विशेष महानिरीक्षकांनी तपासणी केली. तोवर सुमारे 9 कोटी डॉलर खर्च झाले होते, आणि यातून स्त्रियांची स्थिती किती सुधारली हे यूएसएडला दाखवता आलं नव्हतं. हजेरीपट भरलेले होते. त्या प्रशिक्षणातून गेलेल्या सगळ्या मुली वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. काहींच्या आयुष्यात त्यामुळे फरक पडलाच असेल. पण पैसे देणारा आणि घेणारी यांच्यामध्ये इतके थर होते की दोघींना एकमेकींचं नाव कळण्याची सोयच नव्हती.

न्यायाधीशांचं काम मधल्या काळात अवघड होत गेलं. 2009 मध्ये स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा कायदा राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने आला, नंतर त्यासाठी वेगळी अभियोक्ता पथकं आणि वेगळी न्यायालयं आली. तिथे महिला न्यायाधीश बसू लागल्या आणि बळजबरीचं लग्न, मारहाण, बलात्कार यांत पुरुषांना शिक्षा देऊ लागल्या. दहशतवादाचे, अमली पदार्थांचे, भ्रष्टाचाराचे खटलेही काही जणींकडे होते. शिक्षा झालेला प्रत्येक पुरुष न्यायाधीशाचा चेहरा लक्षात ठेवून तुरुंगात जात होता.

2015 मध्ये राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी यांनी अनिसा रसूली यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलं. त्या पदासाठी एका स्त्रीचं नाव पुढे येण्याची ती पहिलीच वेळ. संसदेत 97 मतं लागत होती, 88 मिळाली. नऊ मतांनी ते राहिलं. आपल्याकडे फातिमा बीवी सर्वोच्च न्यायालयात पोचल्या 1989 मध्ये, म्हणजे प्रजासत्ताक होऊन 39 वर्षांनी; त्या हिशेबाने अफगाण स्त्रिया किती वेगाने दाराशी आल्या होत्या ते दिसतं.

दोहाचं टेबल

29 फेब्रुवारी 2020 ला अमेरिकेने तालिबानशी दोहा इथे करार केला. अफगाण सरकार त्या करारात नव्हतं, मग अफगाण स्त्रिया कुठून असणार. 5,000 पर्यंत तालिबान कैदी सोडण्याचं कलम त्यात होतं. त्या कैद्यांना शिक्षा ज्या न्यायव्यवस्थेने दिली, तिला न विचारता अमेरिकेने ते कलम मान्य केलं. सप्टेंबरमध्ये अफगाणांची आपसातली बोलणी सुरू झाली तेव्हा सरकारच्या बाजूने 21 जणांत चार स्त्रिया होत्या: फौझिया कूफी, हबीबा सराबी, फातिमा गैलानी, शरीफा झुरमती. कूफी यांच्यावर त्याच्या महिनाभर आधी गोळीबार झाला होता, त्या जखमी हात घेऊन गेल्या. समोरच्या बाजूला एकही स्त्री नव्हती.

अठरा वर्षं दोन देशांतल्या स्त्रियांची भागीदारी हा अमेरिकेच्या धोरणाचा अभिमानाचा विषय होता. निर्णयाचा दिवस आला तेव्हा तिला खोलीबाहेर बसवलं गेलं. मला हे या प्रकरणातलं सर्वांत मोठं अपयश वाटतं. ऑगस्ट 2021 मध्ये जे झालं ते त्यानंतरचं. अमेरिकेतल्या ज्या स्त्रियांनी मनापासून काम केलं होतं त्यांचाही त्या करारावर काही ताबा नव्हता, हे खरं आहे. पण आपल्या सरकारात आपलं किती चालतं हे जोडीदाराला आधी सांगायला हवं. त्यावर ती आपला जीव किती पणाला लावायचा ते ठरवते.

पंधरा दिवस

15 ऑगस्टला काबूल पडलं. बगराम आणि पुल-ए-चरखीचे तुरुंग उघडले. न्यायाधीशांना फोन येऊ लागले: तू मला शिक्षा दिली होतीस, आता मी बाहेर आहे. घरांची झडती सुरू झाली. अनेक जणी मुलांना घेऊन नातेवाइकांकडे लपल्या, दर एक-दोन रात्रींनी घर बदलत. पगार थांबले, बँकेतून पैसे निघेनात.

आंतरराष्ट्रीय संघटनेच्या काही न्यायाधीशांनी एक छोटी समिती केली. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयातल्या व्हनेसा रुईझ आणि व्हरमाँटच्या व्हेलन अमेरिकेतून, संघटनेच्या अध्यक्ष सुझन ग्लेझब्रुक न्यूझीलंडहून, शिवाय ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि स्पेनमधून एकेक जण. पृथ्वीच्या सगळ्या बाजूंना माणसं असल्यामुळे कोणीतरी नेहमी जागं असे. दिवसा स्वतःच्या न्यायालयात खटले ऐकायचे आणि रात्री काबूलमधल्या एखादीला फोनवर सांगायचं की कुठल्या दरवाजाकडे जा, कुठे थांब, आता परत फीर.

इथे त्या जुन्या सभासदयादीची किंमत कळते. विमानात बसवायचं तर परदेशी सरकारला नाव, पारपत्राचा क्रमांक, कुटुंबातली माणसं आणि ही खरोखर न्यायाधीश आहे याची खात्री लागते. विमानतळाबाहेर हजारो लोक होते आणि प्रत्येकजण आपण धोक्यात आहोत असं सांगत होता, बहुतेक वेळा खरंच. तालिबानच्या नाक्यावर न्यायालयाचं ओळखपत्र सापडलं तर मरण, आणि विमानतळाच्या फाटकावर ते नसलं तर प्रवेश नाही. कित्येकांनी कागद जाळून टाकले होते. अशा वेळी ‘ही अमुक, मी हिला ओळखते’ असं सांगणारी दुसरी न्यायाधीश लागते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुठल्याशा प्रशिक्षणात झालेली ओळख त्या फाटकावर कागदाच्या जागी उभी राहिली.

तरीही फाटकापर्यंत पोचलेल्या कितीतरी जणी आत जाऊ शकल्या नाहीत. लहान मुलं, म्हातारी आई, चेंगराचेंगरी, सांडपाण्याचा नाला. 26 ऑगस्टला विमानतळाच्या ॲबी गेटवर आत्मघाती स्फोट झाला. 30 ऑगस्टच्या रात्री शेवटचं अमेरिकी विमान उडालं तेव्हा बहुतेक न्यायाधीश देशातच होत्या.

अमेरिकेने त्यांना आधी का नेलं नाही, याचं उत्तर व्हिसाच्या नियमांत आहे. अमेरिकेचा विशेष व्हिसा होता अमेरिकी सैन्यासाठी किंवा सरकारसाठी नोकरी केलेल्यांना, दुभाष्यांसारख्यांना. 2 ऑगस्ट 2021 ला अमेरिकी पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांतल्या आणि अमेरिकी माध्यमांतल्या कर्मचाऱ्यांसाठी निर्वासित म्हणून येण्याची एक वेगळी वाट जाहीर झाली. न्यायाधीश नोकर होत्या अफगाण राज्याच्या. अमेरिकेने जी न्यायव्यवस्था उभी करायला मदत केली, तीत प्रामाणिकपणे काम केलेल्या स्त्रिया ‘आमच्या माणसां’त बसत नव्हत्या. मानवतेच्या आधारावर तात्पुरत्या प्रवेशाचा मार्ग होता. त्याच्या प्रत्येक अर्जाला 575 डॉलर फी. सहा जणांच्या कुटुंबाने बँक बंद असताना ते कुठून आणायचे? अशा हजारो अर्जांपैकी फारच थोडे मंजूर झाले.

दार उघडलं ते दुसऱ्यांनी. पोलंडने काही जणींना ऑगस्टमध्येच काढलं. सप्टेंबर संपताना 26 महिला न्यायाधीश आणि वकील आपापल्या कुटुंबांसह जॉर्जियामार्गे अथेन्सला उतरल्या. ब्रिटनच्या वकील हेलेना केनेडी यांच्या पुढाकाराने शंभराहून अधिक स्त्रियांची कुटुंबं ग्रीसला पोचली. ब्राझीलनेही काहींना घेतलं. अमेरिकी न्यायाधीशांचा वाटा यात मोठा होता, पण तो फोन, पत्रं, ओळखी आणि हट्ट यांचा. देश म्हणून अमेरिकेचा वाटा त्या मानाने लहान राहिला.

भारताबद्दलही बोलायला हवं. 20 ऑगस्टला अफगाण खासदार रंगीना कारगर दिल्ली विमानतळावर उतरल्या आणि त्यांना तिथूनच परत पाठवलं गेलं. 25 तारखेला भारताने अफगाणांचे आधीचे व्हिसा रद्द केले. पुण्यात शिकणारे आणि सुट्टीसाठी घरी गेलेले अफगाण विद्यार्थी त्यामुळे अडकले. पुण्याच्या कॉलेजांत आणि भाड्याच्या खोल्यांत अफगाण मुलामुलींशी शेजार असलेली कुटुंबं आजही आहेत. त्यांनाही ‘मी हिला ओळखते’ असं सांगता आलं असतं. ते ऐकून घेणारी खिडकी आपल्याकडे नव्हती.

सुटल्यानंतर

पुढच्या दोनेक वर्षांत बहुसंख्य न्यायाधीश एका ना एका देशात पोचल्या. काही डझन मागे राहिल्या. पोचलेल्यांची नवी अडचण अशी की दुसऱ्या देशात न्यायाधीशपद तर सोडाच, वकिलीची सनदही जुन्या पदवीवर मिळत नाही. पन्नाशीतली बाई, वीस वर्षं निवाडे लिहिलेली, नव्या भाषेत पहिल्यापासून कायदा शिकायला बसते किंवा दुकानात नोकरी धरते. अमेरिकेतल्या न्यायाधीशांनी इथे पुन्हा एकेकीला हात दिला: विद्यापीठातली जागा, इंग्रजीचा सराव, आश्रयाच्या अर्जासाठी वकील. बचावाचे पंधरा दिवस सगळ्यांना दिसले. हे काम कोणाला दिसत नाही आणि त्याला वर्षं लागतात.

कायदेशीर स्थैर्य मात्र व्यक्तींच्या हातात नव्हतं. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्या अफगाणांना कायमचं राहता यावं म्हणून 2022 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी संसदेत विधेयक मांडलं गेलं. ते मंजूर झालं नाही. जानेवारी 2025 मध्ये निर्वासितांना घेण्याचा कार्यक्रमच थांबवला गेला, जूनमध्ये अफगाणिस्तानवर प्रवेशबंदी आली, जुलैत अफगाणांना दिलेलं तात्पुरतं संरक्षण संपवलं गेलं. पाकिस्तानात वाट पाहत बसलेल्यांना परत ढकललं जाण्याची भीती रोजची झाली.

आणि काबूल? महिला मंत्रालयाच्या इमारतीवर सप्टेंबर 2021 मध्येच सदाचार मंत्रालयाची पाटी लागली. सहावीपुढे मुलींची शाळा बंद, डिसेंबर 2022 पासून विद्यापीठही बंद. न्यायालयांत आता स्त्री न्यायाधीश नाही. घटस्फोट मागणाऱ्या बाईला समोर फक्त पुरुष दिसतात, आणि आधीच्या न्यायालयांनी दिलेले कित्येक घटस्फोट अमान्य ठरवून बायकांना जुन्या नवऱ्यांकडे परत पाठवल्याच्या बातम्या येत राहिल्या आहेत.

ही भागीदारी यशस्वी झाली का, असं मला कोणी विचारलं तर मी दोन वेगळी उत्तरं देईन. न्यायाधीशांना वाचवण्यात ती बऱ्याच अंशी यशस्वी झाली, आणि त्यासाठी लागलेली ओळख पैशाने एका वर्षात उभी करता आली नसती. न्यायालयं वाचवण्याची ताकद तिच्यात कधीच नव्हती. ती ताकद ज्या टेबलाशी होती तिथे या बायकांना, दोन्ही देशांतल्या, खुर्ची मिळाली नाही.

परदेशात विखुरलेल्या अफगाण न्यायाधीश अजून एकमेकींच्या संपर्कात आहेत, साक्षी देतात, नोंदी जमवतात. 8 जुलै 2025 ला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने स्त्रियांच्या छळाच्या आरोपावरून दोन तालिबान नेत्यांविरुद्ध अटक वॉरंट काढलं. एक हैबतुल्ला अखुंदझादा, तालिबानचे सर्वोच्च नेते. दुसरे अब्दुल हकीम हक्कानी, तालिबानचे सरन्यायाधीश. जानेवारीतल्या त्या रविवारी यासिनी आणि हेरावी ज्या सर्वोच्च न्यायालयाकडे निघाल्या होत्या, त्याचे प्रमुख आता ते होते.